तुम्ही विचारलंत म्हणून : मी 'तमाशापट'च का म्हणते

"ताई, लावणीपट म्हणा, लोकनाट्यपट म्हणा, पण तमाशापट नको. ऐकायला कसंतरीच वाटतं." तमाशावर बेतलेल्या मराठी सिनेमांवरचं माझं व्याख्यान संपलं की कुणीतरी हे सांगतंच. एकदा नीट उत्तर देते.

शब्दात वावगं काहीच नाही. मूळ अरबी धातू चालण्याचा. त्यावरून फारसीत तमाशा म्हणजे फेरफटका, मग फिरता फिरता पाहणं. इराणात आजही टीव्ही बघण्याला 'तमाशा करणं' म्हणतात. आपल्याकडे मात्र 'तमाशा करू नकोस' म्हणजे चारचौघांत शोभा करू नकोस. पुढचा 'पट' म्हणजे कापड, पडद्याचं. पाहणं आणि पडदा, सिनेमाला आणखी काय नाव हवं? १९५९चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला, तो लोकांनी तमाशापट म्हणूनच पाहिला.

हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरीही बारा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी बोलून गेले, "तमाशा म्हणजे तम अधिक आशा. अंधारातली आशा!" टाळ्या पडल्या. नंतर विंगेत एक म्हातारे ढोलकीवाले ढोलकी गवसणीत घालत होते. अंगठ्याला जन्माचे घट्टे. वर न बघताच म्हणाले, "बाई, तुमची आजी फडात हुती न्हवं?" मी हो म्हटलं. "मग अंधार कंचा? आमचा?" गवसणीची नाडी त्यांनी दोनदा आवळली आणि ढोलकी खांद्याला लावून निघून गेले. मी तिथंच उभी होते.

ती फोड खोटी आहे हे ठाऊक असून मी ती सांगितली, कारण पहिल्या रांगेत सासरची माणसं होती. शब्द धुऊन दिला की आजीही धुऊन निघेल, असं तेव्हाच्या मला वाटलं असणार. त्या तेव्हाच्या मला आज मी रागावते, पण तिची भीती खोटी नव्हती. 'लोकनाट्य' म्हणणाऱ्यांचीही नसते. फडांच्या पाट्यांवर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी असतात, ते काय उगीच?

म्हणून व्यासपीठावर मी तमाशापटच म्हणणार. आणि खरं सांगायचं तर, आजी गेली तेव्हा पेपरला निधनाची बातमी मीच लिहून दिली. त्यात 'ज्येष्ठ लोककलावंत' असं लिहिलंय.