आमची वाटचाल : चाळीस चिप्स आणि एक यादी

जुन्या संगणकांचे सुटे भाग शोधायचे, तपासायचे आणि द्यायचे, हा आमचा धंदा. सुरुवातीला मी आणि माझा भागीदार असे दोघेच. जवळ एक ऑसिलोस्कोप, एक लॉजिक प्रोब आणि डीसोल्डरिंग गन. गन आजही तीच आहे, नोझल तेवढं बदलतो. मधली वर्षं बरी गेली. सांगायचं आहे ते त्या चाळीस चिप्सचं.

कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाची आवाजाची चिप, ६५८१. तिचं उत्पादन कधीच बंद झालं, त्यामुळे मिळतो तो जुना साठा, नाहीतर बोर्डावरून काढलेला माल. एका पुरवठादाराने चाळीस 'कोऱ्या' दिल्या. पाय चकचकीत, छपाई ठसठशीत. सगळं भांडवल त्यात घातलं. सहा गिऱ्हाइकांना न तपासता पाठवल्या, ती चूक माझी. आठवड्यात सहाही परत. मग एकीवर ॲसिटोनचा बोळा फिरवला. बोळा काळा झाला आणि खाली दुसऱ्याच क्रमांकाची खरवडलेली अक्षरं दिसली. वर सगळ्यांवर एकच तारीखकोड, म्हणजे चिप कधी बनली त्याचा आकडा, पोटाखाली मात्र कुणावर एका देशाचं नाव, कुणावर दुसऱ्याच.

पुरवठादाराने हात वर केले. पुढे त्यानेच याच धंद्यात दुकान मांडलं, आणि कुठल्या बोर्डाला कुठला पर्यायी भाग चालतो याची आम्ही वर्षानुवर्षं मोजमाप करून केलेली यादी स्वतःच्या नावाने छापली. आमच्या यादीत एका कपॅसिटरचं मूल्य चुकलं होतं. त्याच्याही यादीत तेच चुकलेलं.

भागीदार त्या धक्क्यात बाहेर पडला. त्याला बोल लावत नाही, त्याला घर होतं. मी टिकलो एका बाईंमुळे. त्या याच चिपवर संगीत करतात. म्हणाल्या, "पैसे परत नकोत. खरी मिळाली की पाठवा, मी थांबते." सात महिने थांबल्या. एका मेलेल्या बोर्डावरची मिळाली, ती रात्रभर चालवली, तिन्ही आवाज आणि फिल्टर कान देऊन ऐकले, मगच पाठवली. आजही त्यांची सगळी यंत्रं आमच्याकडेच येतात.

विषय निघालाच आहे तर सांगतो. ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात, तिच्याच नंतरच्या आवृत्तीला, ८५८० ला, ९. पाय जुळतात म्हणून एकीच्या जागी दुसरी बसवू नका. कमोडोर ६४ चा मूळ अडॅप्टर मीटर लावल्याशिवाय जोडू नका. बिघडला की त्याची पाच व्होल्टची बाजू वर चढते आणि रॅम मारते. आणि बोर्डावर निकेल-कॅडमियम बॅटरी दिसली, अमिगा ५०० प्लस या संगणकात असते तशी, तर यंत्र चालू करायच्या आधी ती कापून काढा. गळलेला अल्कली तांब्याच्या रेषा खातो, आणि यंत्र बंद कपाटात असलं तरी खातो.

आमची यादी अजूनही मागेल त्याला देतो. कपॅसिटरचं मूल्य केव्हाच दुरुस्त केलं. त्याच्या यादीत ते अजून तसंच आहे.