वाड्यातली पेटी आणि दोन पायल्या

आमचं गाव औसा तालुक्यात. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला, त्यात वाड्याचा पुढचा सोपा गेला. मागची बाजू टेकू देऊन आजवर उभी ठेवली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि माळवदावर हातभर माती. किल्लारी-सास्तूरकडं माणसं याच ओझ्याखाली दबली. त्या ढिगाऱ्यांत किती घरांची दप्तरं मातीला मिळाली कोण जाणे. आमची पेटी वाचली, ती वाडा उतरवताना निघाली.

पेटीत रुमालात बांधलेले मोडी कागद, निजामाच्या शिक्क्याच्या उर्दू पावत्या, हाली सिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या चलनाचे, थोडे रुपये आणि धान्याची पितळी मापं. दादाचा हिशेब सरळ होता: चांदी सराफाकडं, पितळ मोडीत, कागद पोत्यात. मी तालुक्याच्या गावातल्या इतिहास मंडळाला फोन लावला.

मंडळाचं संग्रहालय म्हणजे वाचनालयावरच्या दोन खोल्या. चालवणारे एक निवृत्त गुरुजी, एक बँकेतून रिटायर झालेले काका आणि वेळ मिळेल तसा येणारा एक मेडिकलवाला. पण संस्था रीतसर नोंदलेली, धर्मादाय कार्यालयाचा नंबर पाटीवर. द्यायच्या आधी हे बघाच. उद्या मंडळ बंद पडलं तर वस्तू कुणाच्या घरी जाणार, हा प्रश्न उरतो.

गुरुजींचं पहिलं वाक्य, "ताई, काही घासलं-पुसलं नाही ना?" मापांना पितांबरी लावायची नाही, कोरलेली अक्षरं झिजतात. कागदांना लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी नाही, स्टेपलरची पिन तर नाहीच. वस्तू जिथं आहे तिथं आधी फोटो, मग हात.

फोटो काढता काढता आडाजवळचा धुणं धुवायचा दगड त्यांनी पालथा करून बघितला, तर खालच्या अंगाला वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराची कोरीव स्मारकशिळा! मंडळानं ती घेतली मात्र नाही. शंभर वर्षांहून जुनी दगडी मूर्ती किंवा शिल्प असलं की १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, त्याची नोंदणी करावी लागते. तो अर्ज आम्ही केलाय, वीरगळ सध्या आमच्याच अंगणात आहे. पाया खणताना काही सापडलं तर ते वेगळं प्रकरण. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं भाग आहे. हे ऐकून गवंडी आमच्याआधी घाबरला.

खरी अडचण आली कागदांवर. २०२३ पासून शिंदे समितीच्या निमित्तानं मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदी हुडकणं सुरू झालं, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला भाव आलाय आणि प्रत्येक घराला आपल्या कागदांची धास्ती. चुलतभाऊ तावातावानं म्हणाला, "सोन्यासारखे कागद दुसऱ्याला द्यायलीस का? उद्या आपली नोंद त्यातच निघाली तर?" त्याचं चूक नव्हतं. शेवटी जमिनीचे सगळे कागद स्कॅन केले, अस्सल घरात ठेवले, प्रती मंडळाला दिल्या. बाकीच्याचं दानपत्र केलं. वडील नाहीत, त्यामुळं दादा, मी, आत्या, चुलतभाऊ अशा सगळ्यांच्या सह्या लागल्या. चार वारसांना एका दिवशी एका टेबलाशी बसवणं हे कायद्यापेक्षा अवघड काम आहे.

गुरुजी मात्र तोवर पावत्यांत रमले होते. एकीवर फसली, म्हणजे निजामाच्या महसुली सालाचं, १३३८ होतं. त्यांनी तोंडीच ५९० मिळवले, "१९२८-२९ चं साल." मग रुपया माझ्या तळहातावर ठेवून भिंग दिलं. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक इवलंसं उर्दू अक्षर, ऐन. शेवटचे निजाम उस्मान अलींचं आद्याक्षर. लहानपणी ह्याच रुपयांनी आम्ही खेळलो होतो, कमानीत काही आहे हे कुणाच्या नजरेला आलं नव्हतं.

मग दाखल रजिस्टर. वस्तू, माप, गाव, घर हे रकाने भराभर झाले. 'वापर काय होता' इथं मी अडले. सारख्या दिसणाऱ्या पायल्या दोन का? आत्याला फोन केला. ती थोडा वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "एक द्यायची, एक घ्यायची."

गुरुजींनी वर्तमानपत्र पसरलं, मोठी पायली ज्वारीनं शिगोशीग भरली आणि दुसरीत ओतली. दोन-अडीच मुठी कागदावर सांडली. लहान पायलीच्या तळाला आतून लाखेचा थर होता, वरून काळा, पितळेसारखाच घासून गुळगुळीत केलेला. आजोबांचं धान्य सवाईनं जायचं, म्हणजे परत घेताना सव्वापट, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पेरणीला द्यायचं ते लहान मापानं आणि खळ्यावर सवाईसकट वसूल करायचं ते मोठ्या मापानं, हे कुणी बोललं नव्हतं.

दादा म्हणाला, मोठी तेवढी देऊ. गुरुजी आवाज न चढवता म्हणाले, "घेतल्या तर दोन्ही घेऊ. एकटी पायली बाजारात कुठंही मिळते." दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मलाही वाटत होतंच, आजोबांना बोलता येत नाही आणि आपण त्यांची उणीदुणी चव्हाट्यावर मांडतोय. पण ज्यांच्या घरी ती उणी ज्वारी गेली त्यांची नातवंडंही त्याच तालुक्यात राहतात, आणि त्यांच्याकडं दाखवायला कुठलंच माप नाही.

तडजोड अशी झाली: कपाटातल्या चिठ्ठीवर गावाचं नाव आणि दोन्ही पायल्यांत ज्वारी किती मावते ते, आडनाव नाही. रजिस्टरात मात्र आत्यानं सांगितलं ते तसंच्या तसं, आडनावासकट, आणि खाली आमच्या चौघांच्या सह्या. ते रजिस्टर मागितलं तर कुणालाही बघायला मिळतं, असं गुरुजींनी सही घेण्याआधीच दादाला सांगितलं होतं.