आमची वाटचाल: घड्याळाच्या टेबलावर कॅमेरे कसे आले

आमचं मूळ दुकान घड्याळ दुरुस्तीचं. सांगलीत हरभट रोडजवळच्या बोळात, आठ बाय दहाचं, पुढे काच आणि काचेमागे डोळ्याला भिंग लावून बसलेले अप्पा, म्हणजे माझे वडील. सगळा धंदा एचएमटीवर. लग्नात जावयाला घड्याळ, दहावी पास झाली की पोराला घड्याळ, आणि ती सगळी फिरून साफसफाईला आमच्याकडेच यायची. मग क्वार्ट्झ आलं, मग मोबाईल आला, आणि २०१६ ला सरकारने एचएमटीची घड्याळं बंदच करायचं ठरवलं तोवर आमच्याकडे सेल बदला नि पट्टा बदला एवढंच काम उरलेलं. त्यात दुकानाचं लाईट बिल निघायचं, बस.

कॅमेरा पहिल्यांदा आला तो चुकून. विश्रामबागचे एक रिटायर्ड काका यशिका मॅट १२४ जी घेऊन आले, तो दोन लेन्सवाला, वरून मान खाली घालून बघायचा. म्हणाले दोन ठिकाणी दाखवला, पार्ट मिळत नाही म्हणून परत दिला, तुम्ही बारीक काम करता म्हणून आणलाय, बघा काय होतंय का. अप्पांनी आयुष्यात कॅमेरा उघडला नव्हता. मी नको म्हणत होतो, पण त्यांनी तो दोन दिवस नुसता टेबलावर ठेवून घेतला आणि तिसऱ्या दिवशी पुढची लेन्स फिरवून काढली, वरची पट्टी काढली, आणि मला हाक मारली, "अरे इकडं ये, हे तर घड्याळच आहे की!"

आणि खरंच होतं ते. शटर ५०० वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर असेल तर लेन्समागची शटरची पाती स्प्रिंगच्या जोरावर फटकन उघडतात नि मिटतात, पण ३० च्या खाली, म्हणजे १५, ८, ४ आणि पूर्ण एक सेकंद, इथं पात्यांना थोपवून धरायला आत दातेरी चाकांची एक छोटी रांग असते आणि शेवटच्या चाकावर पॅलेट, म्हणजे दात अडवत-सोडत चाकाचा वेग आवरणारा छोटा तुकडा, अगदी घड्याळासारखं. एक सेकंदाला शटर दाबल्यावर जी बारीक घुर्रर्र ऐकू येते ना, ती त्या चाकांची. काकांच्या कॅमेऱ्यात तिथलं तेल वाळून लाखेसारखं झालं होतं. धुतलं, पॅलेटला सुईच्या टोकाएवढं घड्याळाचं तेल दिलं, चालू. तेव्हा शटरचा वेळ मोजणारा टेस्टर कुठला आमच्याकडे, अप्पांनी एका कानाला स्वतःची एचएमटी लावली, ती सेकंदाला पाच टिकटिक करते, आणि दुसऱ्या कानाजवळ कॅमेरा धरून शटर मारत बसले. चार टिकटिकला बंद होतंय म्हणाले, परत उघडलं. नंतर माझ्या पोराने सेन्सर लावून टेस्टर बनवला, त्यावर तो कॅमेरा परत तपासला तर एका सेकंदाला जेमतेम फरक निघाला. पोरगं गप्प.

आता फजितीचं पण सांगतो. काकांनी चार लोकांना सांगितलं, कॅमेरे यायला लागले, आणि मला वाटलं आपल्याला सगळं कळलं. असाच एक मिरजेच्या माणसाचा कॅमेरा, पाती जरा जड चालत होती, तर मी घड्याळवाल्याच्या सवयीने पात्यांच्या कडेला तेलाचा थेंब सोडला. लोण्यासारखं चाललं हो शटर, मी खूश. पण चाकांना तेल लागतं आणि पाती मात्र ठणठणीत कोरडी लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. एप्रिलच्या उन्हात तेल पसरलं, पाती एकमेकांना चिकटली, आणि त्या माणसाने नातवाच्या बारशाचा अख्खा १२ फोटोंचा रोल काढला तो पूर्ण कोरा. शटरचा आवाज येत होता, पाती उघडतच नव्हती. मी रोलचे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत, काही बोलले पण नाहीत, आणि परत कधी आले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे पात्यांसाठी वेगळा ब्रश, वेगळा डबा, आणि तेलाची बाटली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

२०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं. आम्ही घड्याळं वर माळ्यावर टाकली, कॅमेरे खालच्या कपाटात राहिले, १९ होते, त्यातले गिऱ्हाइकांचे ७. कृष्णेचा गाळ म्हणजे नुसती माती नाही, वाळला की सिमेंट. मी सात जणांना फोन केले, पाच जण म्हणाले असू दे, आधी घर बघा. सातपैकी चार चालू झाले, बाकीचे तीन आम्ही आमच्याकडचे दुसरे देऊन भागवले. उरलेले डबे फेकले नाहीत, आज त्यांचेच स्क्रू नि रिंगा उपयोगी पडतात.

विक्री सुरू केली ती त्यानंतर, पोराच्या आग्रहाने. सगळ्यात जास्त येतो तो अॅग्फा क्लिक थ्री, बडोद्याला बनायचा, घराघरात होता, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. रशियन झेनिटला पण मागणी असते, पण खरं सांगू का, लोकांना झेनिट नको असतो, त्यावरची हेलिओस लेन्स हवी असते, ती काढून डिजिटलला लावतात आणि कॅमेरा महिन्याभरात माझ्याकडेच विकायला आणतात. असो, पैसे देतात. कोकणातून येणाऱ्या मालाला हमखास बुरशी, लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी. नुसती वर असेल तर पुसली जाते, काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतोच, मग आम्ही तसं चिठ्ठीवर लिहून देतो. प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर चिठ्ठी असतेच, काय धुतलं, काय बदललं, कुठला स्पीड टेस्टरवर किती भरला. ५०० चा स्पीड जुन्या कॅमेऱ्यात ३०० च भरतो बऱ्याचदा, निगेटिव्ह फिल्मला तेवढं चालतं, पण लपवायचं कशाला. एकदा कुरिअरने पाठवलेला कॅमेरा वरचा हूड चेपून नि आतला आरसा फुटून पोचला, नुकसानभरपाईचा फॉर्म आठ महिने फिरतोय, तेव्हापासून शक्यतो हातोहात.

ब्लॅक अँड व्हाइट रोल पण धुवून देतो, ते खातं सौ. बघते. एचपी फाईव्ह ही फिल्म डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० डिग्रीला साडेसात मिनिटं, पण मे महिन्यात टाकीतलं पाणीच ३५ ला येतं, म्हणून शेजारच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ. त्याला अजून कळलेलं नाही आम्ही बर्फाचं काय करतो.

सध्या दुरुस्तीचा नंबर दीड महिन्याने लागतोय. अप्पा ७९ चे आहेत, बाकी सगळं आम्ही करतो, पण एक सेकंदाची चाकं अजून त्यांच्याचकडे जातात. दुकान मंगळवारी बंद. दुपारी १ ते ४ फोन करू नका, अप्पा झोपतात आणि फोन त्यांच्या उशाशी असतो.