कवापासनं ठाव हाय?

रविवार, रात्री साडेदहा

जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, तर पित्त झालंय म्हणून सांगितलं.

बेळगावजवळच्या येळ्ळूरला हवामान बदल समजावून सांगायचा कार्यक्रम तसा चांगलाच झाला. एम.एस्सी.च्या पोरांकडून तीन आठवडे घोटून घेतलं होतं. 'हरितगृह परिणाम' म्हणू नका, पृथ्वीनं पांघरलेली वाकळ जाड होत चाललीय म्हणा. आलेख नकोत. 2019 च्या ऑगस्टपासून सुरू करा, तो पाऊस कुणी विसरलेलं नाही. खानापूरची पोरगी तर काय बोलली! हवा एका अंशानं तापली की सात टक्के जास्त वाफ धरते, एवढंच मी शिकवलेलं. ती म्हणाली, "घागर मोठी झालीय मावशी. भरायला वेळ लागतो, खरं कलंडली की अंगण धुऊन नेते." बावीस वर्षांत मला हे सुचलं नाही.

मग कट्ट्यावरच्या आज्जीनं विचारलं, "बाई, हे तुमास्नी कवापासनं ठाव हाय?"

मला आपलं बरं वाटलं, उत्तर येत होतं ना. 1856 मध्ये युनिस फूट नावाच्या अमेरिकेतल्या बाईनं काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवले, कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली. 1896 मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस नावाच्या शास्त्रज्ञानं हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल, ह्याचं गणित मांडलं. 1958 पासून हवाई बेटावरच्या डोंगरावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं मोजमाप चालू आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो 315 भाग होता, आता 420 च्या वर.

"अठ्ठावन्न म्हंजे माज्या लग्नाच्या आदी की," आज्जी म्हणाली. "आणि सांगायला आत्ता आलासा?"

सगळे हसले. मीही हसले. गाडीत बसल्यावर हसू गेलं.

तिला काय सांगायचं होतं मी? की आम्ही इंग्रजीत शिकलो, इंग्रजीत मार्क मिळवले, आणि घरी आईलासुद्धा कधी मराठीत सांगितलं नाही? मला कुणी विचारलंच नव्हतं, असं म्हणावंसं वाटलं. एवढ्या कागदांवर सह्या, एवढी पेपर तपासणी, त्यात रविवार घालवून गावोगाव फिरायचं, आणि वर हे ऐकायचं. बाबांनी शेत विकलं त्या वर्षी तरी... जाऊ दे.

आणि गंमत म्हणजे पोरांना मी बजावलं होतं, प्रश्नांना शेवटी दहा मिनिटं ठेवा. त्या दहा मिनिटांत आपण काय करायचं, ते शिकवायचं राहिलं.

निघताना त्याच आज्जीनं पिशवीत शेरभर बासमती ओतला. पिशवी ओट्यावर आहे, स्वयंपाकघरभर वास सुटलाय. दहीभातापुरता लावावा म्हणते. पित्ताचं ह्यांना काय सांगायचं ते बघू.

आत्ता खानापूरच्या पोरीचा मेसेज आला: "मॅडम, पुढच्या रविवारी 1856 पण घालू काय?"

'घाल' लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ: "आणि आज्जीसारखं कुणी विचारलं, तर उत्तर तू दे."