हिरवं तूप: रंग राहिला, कडूपणा उतरला

गांजाच्या तुपातला आलेपाक जमला! मागच्या नोंदीतली ती घशाशी रेंगाळणारी कडवट तुरटी या खेपेच्या वड्यांत जवळजवळ नाही. तूप मात्र अजून हिरवंच आहे, आणि मला सर्वांत जास्त आनंद त्याचाच झालाय. जितकं हिरवं तितकं कडू, हा हिशेब आपल्यापैकी बहुतेक जण धरून चालतात. तो आता सोडून द्यायला हवा.

कारण साधं आहे. हरितद्रव्य तुपात विरघळतं, पाण्यात नाही. जिभेला त्रास देणाऱ्यांपैकी बरंच काही, टॅनिनसारखी तुरट द्रव्यं वगैरे, पाण्यात उतरतं. टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, पाण्यात जवळपास विरघळतच नाही. म्हणजे पाण्याने धुतलं तर तुरटी जाते, रंग राहतो आणि हवं ते तुपातच थांबतं.

मी दोनदा धुतो. पहिल्यांदा गांजाची फुलं, डिकार्बच्या आधी, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून टीएचसी जागं करण्याआधी. अख्खी फुलं थंड पाण्यात भिजत ठेवायची आणि पाणी रोज बदलायचं. ढवळायचं नाही, नाहीतर ट्रायकोम, म्हणजे टीएचसी धरून असलेले फुलांवरचे चिकट बारीक दाणे, झडून पाण्याबरोबर जातात. पाणी चहासारखं दिसेनासं झालं की फुलं मलमलच्या पुरचुंडीत बांधून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि मग पूर्ण सुकवायची. ताज्या कापलेल्या गवताचा वास इथेच निम्मा उतरतो. त्यानंतर नेहमीचं ११५ अंशांवर चाळीस मिनिटं. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. स्वस्तातली वस्तू आहे, पण महागड्या इन्फ्यूजन यंत्रापेक्षा तिचा उपयोग जास्त.

दुसरी धुलाई तुपाची. फुलं घालून ८५ अंशांवर दोन तास ठेवून गाळलेलं तूप त्याच्या दुप्पट पाण्यात घालून मंद आचेवर वीसेक मिनिटं ठेवायचं आणि मग फ्रिजमध्ये. सकाळी तुपाची चकती वर आणि तपकिरी पाणी खाली. ते पाणी बोटाला लावून चाखून बघा, इतके दिवस वड्यांत काय जात होतं ते कळेल. चकती पुन्हा वितळवून बुडबुडे थांबेपर्यंत तापवायची. पाण्याचा अंश राहिला तर तूप टिकत नाही.

गाळताना फडकं पिळायचं नाही, हे पुन्हा सांगतो. शेवटचे दोन चमचे तूप मिळवायच्या नादात सगळा गाळ खाली उतरतो. फुलांची पूडही नको, हाताने मोडलेले तुकडे पुरतात.

वेलची-जायफळ वाढवून कडूपणा झाकता येत नाही, हे माझं मत आता पक्कं झालंय. वेलचीचा सुवास आधी येऊन विरतो आणि कडू चव मागाहून येऊन बसते. मीठ मात्र खरोखर काम करतं, कारण ते जिभेला जाणवणारा कडूपणाच दाबतं. पाकात चिमूटभर मीठ, अर्ध्या साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ आणि ताज्या आल्याच्या जोडीला थोडी सुंठ. आल्याचा तिखटपणा सावकाश चढतो, म्हणजे कडूपणा जिथे डोकं वर काढतो नेमका तिथेच भेटतो. उरलेली कडवट छटा या गुळात खपून जाते, किंबहुना शोभते.

चवीच्या चाचण्यांसाठी मी सीबीडी-प्रधान (सीबीडी म्हणजे गांजातलंच, पण नशा न आणणारं द्रव्य) फूल वापरतो, म्हणजे पुन्हा पुन्हा चाखलं तरी डोकं ठिकाणावर राहतं. खऱ्या खेपेत धुलाईमुळे ताकदीचा आकडा अंदाजेच उरतो, म्हणून वड्या लहान पाडा, एकच खा आणि पुढचे चार तास दुसरीला हात लावू नका. आता त्या चविष्ट झाल्यात, त्यामुळे डब्याला कुलूप आणि वर ठळक चिठ्ठी हवीच. घरी मुलं किंवा पाहुणे असतील तर आलेपाकासारखी ओळखीची वडी जास्त धोक्याची.

अल्कोहोलने अर्क काढायचं सुचवणाऱ्यांना एवढंच सांगतो की कॅनडात घरी ऑर्गॅनिक सॉल्व्हंट वापरून अर्क काढायला कायद्याने मनाई आहे. शिवाय ओंटारियोच्या हिवाळ्यात, बंद स्वयंपाकघरात, शेगडीजवळ अल्कोहोलची वाफ मला नकोच.

पुढचा बेत नारळाच्या वड्यांचा होता. पण चकतीबद्दल लिहितानाच सुचलं: मुठेल! कोकमाच्या बियांचं हे तेल साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे पाण्यावर तुपापेक्षा कितीतरी घट्ट गोठेल आणि चकती स्वच्छ उचलता येईल. त्याला स्वतःचा वासही फारसा नाही, त्यामुळे धुलाईनंतर नेमकी कोणती चव उरते ते उघडं पडेल. वर ते कोको बटरच्या जातीचं, तेव्हा डार्क चॉकलेटमध्ये सहज मिसळावं. इथे मिळतं ते बहुतेक त्वचेला लावायचं, ते खाण्यात नको. सिंधुदुर्गातून मावशी येणार आहे, तिला घरचं आणायला सांगतो.

नारळाच्या वड्या मग नंतर. आमसुलाच्या जेलीचंही मनात आहे, आंबटपणामुळे पेक्टिन छान धरेल. फक्त तूप वर तरंगू नये म्हणून सूर्यफुलाचं लेसिथिन घालावं लागेल. सोयाचं मला चवीला आवडत नाही. जेलीत लेसिथिन कुणी वापरलं असेल तर पाकात कधी घातलंत, पेक्टिनच्या आधी की नंतर, ते नक्की सांगा.