हा रस्ता कुणासाठी बांधला होता?

डोंगराळ जंगलात ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवर चालणारी रुंद टायरची सायकल, चालवते असं सांगितलं की पहिला प्रश्न टायरचा येतो, दुसरा अस्वलाचा. रस्त्याबद्दल कुणी विचारत नाही. मला मात्र राईड ठरवताना आधी तेच हवं असतं. हा रस्ता मुळात कुणासाठी काढला? सायकलसाठी तर नक्कीच नाही. जंगलात हौसेने कुणी रस्ता काढत नाही. सुरुंग लावावे लागतात, मोऱ्या बांधाव्या लागतात, दर पावसाळ्यानंतर डागडुजी करावी लागते. म्हणजे कुणाला तरी काहीतरी जड न्यायचं होतं. ते काय होतं हे कळलं की चढ किती असेल, वळणं कशी असतील आणि रस्ता पलीकडे पोचवेल की मध्येच हात वर करेल, याचा अंदाज घरी बसूनच येतो.

सगळ्यात सभ्य रस्ता जुन्या रेल्वेचा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे आगगाडीला दोन-अडीच टक्के चढ, म्हणजे शंभर मीटरला दोन-अडीच मीटर उंची, हा डोंगरच. अमेरिकेत आयडाहो आणि मोंटानाच्या सीमेवर बिटररूट डोंगरात ‘रूट ऑफ द हायवाथा’ आहे. मिलवॉकी रोड या कंपनीची गाडी तिथून जायची. 1980 मध्ये ती थांबली. आता तिथे सुमारे 24 किलोमीटर खडीची वाट आहे, वाटेत 10 बोगदे आणि दऱ्यांवरचे 7 उंच पूल, आणि चढ कुठेही दोन टक्क्यांच्या वर जात नाही. सगळ्यात लांब बोगदा सुमारे 2.7 किलोमीटरचा. आत मिट्ट काळोख, ऐन उन्हाळ्यात हुडहुडी. दिवा आणि हेल्मेट सक्तीचं आहे ते उगाच नाही. ज्यांना मोटारींची भीती वाटते, ज्यांच्याबरोबर मुलं आहेत, त्यांनी डोळे मिटून रेल्वेचा रस्ता निवडावा. (बोगद्यात उघडावेत.) मला स्वतःला असा रस्ता तासाभराने कंटाळवाणा वाटतो. चढ इतका एकसारखा की सीटवरून उठायला कारणच मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते कारण न मिळाल्याचं चांगलंच जाणवतं.

माझा जीव रमतो तो लाकूडतोडीच्या रस्त्यांवर. हे रस्ते ओंडक्यांनी भरलेल्या ट्रकसाठी आखलेले असतात. भरलेला ट्रक बहुतेक वेळा खाली उतरत असतो, पण रिकाम्या ट्रकला वर जावंच लागतं आणि भरलेल्याला उतरताना ब्रेक धरून राहावे लागतात. म्हणून मुख्य रस्त्याचा चढ साधारण आठ-दहा टक्क्यांपर्यंत रोखलेला असतो. हा आकडा सायकलवाल्याच्या पायाला अगदी बेताचा. माझ्या बाईकला पायडलपाशी साखळीचं दातेरी चक्र 30 दातांचं आणि मागचं सगळ्यात मोठं 36 दातांचं. म्हणजे पायडलच्या एका फेरीत बाईक साधारण 1.8 मीटर सरकते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसहा किलोमीटर. चालण्यापेक्षा थोडंच जास्त, पण श्वास ताब्यात राहतो आणि बोलता येतं. चढावर उभं राहून पायडल मारायची सवय मात्र डांबरावर ठेवून यावी. सीटवरून उठलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि खडीत ते जागच्या जागी गरगरतं. बूड सीटच्या टोकाला, छाती हँडलकडे, आणि गिअर एक पायरी हलका.

ट्रकने केलेले बदलही वाचता येतात. लांब ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूने कापत जातात. म्हणून हेअरपिन वळणाची आतली कड नेहमी उखडलेली आणि सुटी खडी साठलेली असते. उतारावर जवळचा मार्ग म्हणून आतून घुसायचा मोह होतो, आणि बाईक पुढच्या चाकासकट निसटते ती तिथेच. मी वळण यायच्या आधी, सरळ भागातच वेग मोडते आणि वळणात ब्रेकला हात लावत नाही.

मग कच्च्या रस्त्यावरच्या त्या लाटा. पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या, दात खिळखिळे करणाऱ्या. हे जड वाहनांचं पाप आहे असं मला कित्येक वर्षं वाटायचं. प्रत्यक्षात कुठलंही चाक सुट्या मातीवरून एका ठरावीक वेगापेक्षा जोरात गेलं की लाटा उठतात. फिरत्या टेबलावर वाळू पसरून आणि तिच्यावरून एक साधं चाक फिरवून हे तपासलेलं आहे. स्प्रिंग नसलेलं चाकही लाटा उठवतं, आणि लागणारा वेग सायकलच्या आवाक्यातला आहे. हे कळल्यापासून मी ट्रकवाल्यांना शिव्या देणं कमी केलं आहे. लाटा सगळ्यात जास्त कुठे, तर वाहनं जिथे ब्रेक मारतात किंवा जोर लावतात तिथे. अगदी कडेची एक वीतभर पट्टी बहुधा गुळगुळीत असते, तिच्यावर नजर ठेवायची. टायरमध्ये हवा कमी ठेवली की निम्मा त्रास वाचतो. माझ्या 45 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये मी हवेचा दाब 28-30 पीएसआयच्या वर नेत नाही.

रहदारी नाही म्हणजे काहीच येणार नाही असं धरून चालू नये, आणि ते लाकूडतोडीच्या रस्त्यावर तर मुळीच नको. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात अशा रस्त्यांवर किलोमीटरच्या पाट्या असतात आणि चालक रेडिओवर आपला किलोमीटर पुकारत जातात, म्हणजे समोरच्याला रुंद जागा बघून थांबता येतं. सायकलवाल्याकडे रेडिओ नसतो. त्याच्याकडे कान असतात, आणि स्वतःच्याच टायरखालची खडी ते अर्धे बहिरे करते. मी अधूनमधून पायडल थांबवून ऐकते. इअरफोन बॅगेत. काम सुरू असलेला रस्ता कामाच्या दिवशी टाळते, सुट्टीच्या दिवशी जाते.

इटलीत पिडमाँटमध्ये स्ट्राडा देल्ल’अस्सिएत्ता नावाचा कच्चा रस्ता आहे. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी मोटारी बंद, सायकलला मुभा. वार सरळ पंचांगातच सांगितले की सगळे भांडणातून मोकळे! हा रस्ता सैन्यासाठी काढलेला. तोफा आणि खेचरं डोंगरावर चढवायची म्हणून चढ माफक, वळणं भरपूर, आणि रस्ता चिकाटीने धारेधारेने जाणारा. वरच्या टप्प्यात झाडं संपतात आणि कोल देल्ल’अस्सिएत्ता ही खिंड 2,472 मीटरवर आहे, त्यामुळे खाली घामाघूम झालेल्या माणसाने वर जाकीट चढवल्याशिवाय उतार सुरू करू नये. हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी पडतं, उतारावरचा वारा वेगळाच.

आणि जाळरेषा. वणवा पसरू नये म्हणून झाडं तोडून ठेवलेली ती पट्टी नकाशावर फार लोभस दिसते. सरळ, रुंद, कुणी नाही. पण ती आगीसाठी आखलेली असते. आगीला चढाचं काही वाटत नाही. धारेवरून नाकासमोर वर आणि नाकासमोर खाली, वीस टक्क्यांच्या वरसुद्धा. माझा धाकटा भाऊ अशा पट्टीवर बाईक ढकलत म्हणाला होता, “ताई, आपण सायकलला फिरायला आणलंय की तिने आपल्याला?” जलविद्युत प्रकल्पांच्या पाइपांशेजारच्या देखभालीच्या वाटाही याच जातीच्या.

नकाशाचं म्हणाल तर मी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच मिळून बनवलेला ऑनलाइन नकाशा बघते. त्यात कच्च्या वाटांना ग्रेड 1 ते ग्रेड 5 अशी प्रत लावलेली असते. 1 म्हणजे घट्ट, 5 म्हणजे नुसती माती किंवा गवत. 2 आणि 3 वर मी खूश असते, 4 कोरड्या दिवसांत चालतं, 5 बघून मी दुसरीकडे वळते. पण ही प्रत कुणीतरी कधीतरी लावलेली असते आणि मधल्या काळात दरड कोसळून गेलेली असू शकते, म्हणून त्याच भागाचा ताजा उपग्रह फोटोही बघते. नकाशा फोनमध्ये आधी उतरवून ठेवायचा. दाट झाडीत नेटवर्क मिळेल ही आशा करू नये. जायला परवानगी आहे का हेही देशागणिक बदलतं. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला सायकलवरूनही बहुतेक जमिनीवर जाता येतं. अमेरिकेत ‘वाइल्डरनेस’ म्हणून राखलेल्या जंगलात सायकल चालत नाही. नकाशावर सुरेख वाट दिसते आणि हद्दीच्या पाटीपाशी चाकं थांबतात.

अस्वलाचं उत्तर द्यायचं राहिलं. सायकल वेगाने आणि गुपचूप येते, आणि आंधळ्या वळणावर जनावर दचकणं हाच खरा धोका. म्हणून उतारावर वळणाआधी मोठ्याने आवाज करायचा. घंटी चालते. मी एकोणतीसचा पाढा म्हणते. मध्ये अडखळते, पण अस्वल तपासायला येत नाही.

लाकूडतोडीच्या रस्त्यांचा एकच दुर्गुण आहे, तो म्हणजे ते संपतात. फाट्याला फाटे फुटत जातात आणि प्रत्येक फाटा ओंडके गोळा करायच्या एका सपाट तुकड्यावर जाऊन थांबतो. गंमत अशी की एकाच धारेच्या दोन्ही अंगांनी, दोन वेगळ्या खोऱ्यांतून असे फाटे वर आलेले असतात आणि त्यांची टोकं कधीकधी अगदी जवळ येऊन थांबतात. तेवढा तुकडा बाईक खांद्यावर घेऊन ओलांडला की दोन खोरी जोडली जातात आणि डांबराला चाक न लावता पूर्ण फेरी होते. हल्ली माझ्या संध्याकाळी अशी टोकं शोधण्यात जातात. आत्ता एक जोडी समोर उघडी आहे. मधलं अंतर 400 मीटर, त्यात 20-20 मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या आठ समोच्च रेषा, आणि त्या जितक्या जवळजवळ तितका चढ खडा. भाऊ म्हणतो, हा जिना आहे. मी उत्तरेकडून तिरकं जाऊन बघणार आहे, तिथे दोन रेषा जरा लांब लांब आहेत.