जानेवारीतले फेझंट: व्याह्यांबरोबर आयोवात दोन दिवस

आधीच सांगतो, मी काही शिकारी नाही. साताऱ्याकडचा माणूस, लहानपणी शेतात गोफणीने पाखरं हाकलली तेवढाच नेम. पण लेकीने अमेरिकेत आयोवा राज्यातल्या शेतकऱ्याच्या घरात लग्न केलं, व्याही पक्के शिकारी निघाले आणि दर नाताळात "यंदा येणार ना" सुरू झालं. यंदा गेलो. डे मॉइनहून वर स्पिरिट लेककडे साडेतीन तास, बाहेर उणे बारा (सेल्सिअस, फॅरनहाइट मला अजून झेपत नाही).

फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा लांबचा भाऊबंद, मूळचा चीनकडचा. व्याही सांगतात की १९००च्या सुमाराला सीडर फॉल्सला एकाची खुराडी वादळात मोडली आणि दोनेक हजार पाखरं सुटली, तिथून हा पसारा, आणि १९२५ला राज्यात शिकारीचा पहिला सीझन झाला. आता सीझन ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारपासून १० जानेवारीपर्यंत, वेळ सकाळी ८ ते दुपारी ४:३०, माणशी दिवसाला ३ नर. मादी मारायची नाही म्हणजे नाही. नर एरवी लगेच ओळखू येतो, गळ्यात पांढरा पट्टा, लांब शेपूट, उडताना कर्कश ओरड. पण ऊन समोरून आलं की सगळी पाखरं काळीच दिसतात, तेव्हा बंदूक खालीच ठेवायची.

पहिला दिवस सरकारी जमिनीवर. तिथली फजिती माझीच. गाडीतून उतरलो, सवयीने दार धाडकन लावलं आणि वर "अगं पाण्याची बाटली घेतलीस का" म्हणून लेकीला ओरडून विचारलं. समोर पाणकणसांचं गोठलेलं तळं, त्याच्या पार पलीकडच्या टोकाहून पाखरं निघाली ती निघतच राहिली, वीस-पंचवीस तरी असतील. व्याही काहीच बोलले नाहीत, नुसती टोपी खाली ओढली. लेक मात्र दिवसभर बोलत होती.

आता कळलं ते असं, की जानेवारीपर्यंत जगलेला नर दोन महिने बंदुका चुकवून जगलेला असतो. दाराचा आवाज, कुत्र्याची शिट्टी, माणसांच्या गप्पा, सगळं त्याला पाठ असतं. म्हणून गाडी लांब लावा, दार हाताने दाबून बंद करा, बोलायचं ते खुणांनी (आपल्या लोकांना हेच सगळ्यात अवघड). वाऱ्याच्या विरुद्ध चाला म्हणजे कुत्र्याला वासही मिळतो. आणि पार्किंगपासून सरळ आत सगळेच जातात, तर जमलं तर वळसा घालून मागून शिरा. पाखरं सकाळी मक्याच्या कापलेल्या शेतात चरतात, मग दाट गवतात नाहीतर पाणकणसांत येऊन बसतात. शेवटचा तासभर ती मुक्कामाला परत येतात, तो वेळ अजिबात सोडू नका.

तळं गोठलेलं असतं म्हणून आत जाता येतं, पण मस्करॅटच्या (पाण्यात राहणारा मोठ्या उंदरासारखा प्राणी) घरट्याशेजारी बर्फ पातळ असतो. हे मला पाय गुडघ्यापर्यंत आत गेल्यावर सांगण्यात आलं. जादा मोजे गाडीत नाही, पाठीवर ठेवा.

दुपारी आयहॅप नावाच्या राज्याच्या योजनेतल्या जमिनीवर गेलो. ही जमीन खाजगीच, पण मालकाला गवत-झाडोरा राखायला सरकारी मदत मिळते आणि बदल्यात १ सप्टेंबर ते ३१ मे शिकाऱ्यांना रान खुलं, वेगळी परवानगी लागत नाही, पाट्या लावलेल्या असतात. तिथे व्याह्यांनी एक नर पाडला तो नेमका कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या शेतात. त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली आणि रिकाम्या हाताने जाऊन घेऊन आले. आयोवाचा कायदा तेवढं चालवून घेतो, बंदूक घेऊन गेलात तर मात्र ती घुसखोरी.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांच्या ओळखीतल्या एका आजोबांच्या शेतावर. परवानगी उन्हाळ्यातच मागून ठेवलेली, शिकारीच्या सकाळी भगवं जाकीट घालून दार ठोठावणं बरं दिसत नाही. आमच्या सौ.ने चिवड्याचा डबा दिला होता, तो आजोबांनी आमच्यासमोरच निम्मा केला. मग आपल्याकडच्या हाक्यासारखंच, तिघं गवतातून हळूहळू येणार आणि मी पलीकडच्या टोकाला थांबणार. या वेळी कोणी अक्षर बोललं नाही. पाखरं पळत पळत टोकाशी आली आणि माझ्या पायातून उठल्यासारखी उडाली. मी दोन बार काढले, दोन्ही आभाळात. लेकीने दोन नर घेतले, जावयाने एक. अशा हाक्यात खालून उडणाऱ्या पाखरावर बार काढायचा नाही, पाखराखाली मोकळं आभाळ दिसलं तरच, कारण समोर माणूस उभा असतो.

कामाच्या गोष्टी. वरच्या कपड्यातला एक तरी निदान निम्मा भडक भगवा हवा, तो कायदाच आहे. फेडरल (केंद्र सरकारच्या) पाणथळ जमिनींवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टील घ्या, आम्ही ३ नंबर वापरला. राज्याच्या जमिनींवर पाटी वाचा. गाडीत बंदूक रिकामी. १ जानेवारी १९७२नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, मी गेल्या वर्षी पोरांसोबत बसून केला. एच-वन-बीवाल्यांनी नीट ऐका, त्या व्हिसावर बंदूक बाळगणं फेडरल कायद्याने बंद आहे आणि वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद, म्हणजे लायसन्स खिशात नसेल तर "जरा धरून बघतो" सुद्धा नको. आधी वकिलाला विचारा.

घरी नेताना पाखराचा एक पाय, डोकं किंवा पिसांसकट पंख राहू द्या, नर असल्याचा पुरावा लागतो. पिसं उपटत बसू नका, कातडीसकट सोलून टाका. छातीचं मांस पटकन शिजतं आणि पटकन कोरडंही होतं, तांगड्यांत तारेसारख्या शिरा, त्या कुकरला लावा. आम्ही सुक्या खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा केला, व्याह्यांनी घाम पुसत तीनदा वाढून घेतला. पहिले घास सावकाश चावा, छर्रा दाताखाली आला की दात जातो.